ज्याच्याशी भांडण, त्याचं नाव आधी

लालबागच्या चाळीत खासगी बोलणं असा प्रकारच नव्हता. दहा बाय बाराची खोली, पुढे सामाईक गॅलरी, दोन खोल्यांच्या मध्ये लाकडी फळ्यांची भिंत, आणि तीही छतापर्यंत न पोचलेली. पलीकडे कुणाला ठसका लागला तर अलीकडून "वर बघ, वर बघ" म्हणून सांगत. अशा ठिकाणी माणसाचं बोलणं त्याच्या घरापुरतं राहत नाही. त्यात आमचं घर ख्रिस्ती, आणि मजल्यावर तेवढं एकच. आमच्याकडे कुणी आवाज चढवला तर तो अमक्याचा मुलगा ओरडला असा हिशेब होत नसे. "ख्रिस्ती लोकांतपण असंच असतं वाटतं" असा होई. आजीला याची पक्की जाणीव होती. आम्हा भावंडांना ती यायला फार वर्षं लागली.

आजोबा नगर जिल्ह्यातले. अमेरिकन मराठी मिशनने नगरला 1831 साली ठाणं केलं, आणि पुढच्या शंभर वर्षांत त्या भागातल्या गावोगावच्या महारवाड्यांतून आणि मांगवाड्यांतून जी माणसं ख्रिस्ती झाली, त्यांतल्या पुष्कळांची नातवंडं दुष्काळाच्या मागोमाग मुंबईला आली. कुणी गिरणीत लागलं, कुणी रेल्वेच्या वर्कशॉपात, कुणी महापालिकेच्या शाळेत मास्तर झालं, आणि मुली मोठ्या संख्येने इस्पितळांत सिस्टर झाल्या. रविवारी ही सगळी मंडळी भायखळ्याला, गिरगावला आपापल्या देवळात जमत. हो, 'देऊळ'च म्हणत. चर्च हा शब्द आमच्या पिढीने आणला. भेटल्यावर एकमेकांना "सलाम" करत. 'जय ख्रिस्त' पुढे आलं.

रात्री नऊला ताटं विसळून झाली की चटई अंथरायची आणि घरची उपासना. आजोबा शास्त्र म्हणजे बायबल वाचत, काका 'उपासना संगीता'तलं पद सांगे, काकू आणि माहेरी असली की आत्या सूर लावत, आणि शेवटी प्रार्थना. आजोबांची प्रार्थना छापल्यासारखी. तिच्यात राज्यकर्ते, अधिकारी, पाळकसाहेब, जगभरच्या मंडळ्या ओळीने येत, आणि तोवर आमच्यातलं धाकटं कुणीतरी झोपलेलं असे. आजीच्या प्रार्थनेत मात्र चाळ असे. तळमजल्यावरच्या बाळंतिणीपासून गच्चीवर झोपणाऱ्या रामा गड्यापर्यंत. आणि तिचा एक नियम होता: दिवसभरात ज्याच्याशी भांडण झालं असेल त्याचं नाव आधी घ्यायचं.

हे ऐकायला सोपं वाटतं. पण "देवा, तिला चांगली बुद्धी दे" असं म्हटलेलं आजीला चालत नसे. "ही प्रार्थना नाही, ही देवाकडे केलेली चहाडी," असं ती सरळ सांगे. त्या माणसाला स्वतःला काय हवंय, ते मागायचं. गुडघा दुखतोय तर गुडघ्यासाठी मागायचं. मुलगा बदली कामगार आहे, तर तो कायम होऊ दे म्हणून मागायचं. म्हणजे भांडायच्या आधी समोरच्याचा गुडघा दुखतो की नाही हे ठाऊक असणं भाग होतं. आमच्या घरातली माणसं शेजाऱ्यांची एवढी बारीक चौकशी का ठेवत, याचं एक कारण हे.

पलीकडे मालवणकडच्या काकू होत्या. पहाटे चारला पाणी येई, आणि हंडा पुढे-मागे सरकवण्यावरून त्यांची नि आजीची महिन्यातून एकदा तरी जुंपे. काकूंचं तोंड म्हणजे तोंड. त्यांनी एकदा आजीच्या सात पिढ्यांची खबर घेतली, त्यात धर्म बदललेल्या पिढीचाही उद्धार झाला. त्या रात्री काकूंचं नाव पहिलं आलं, आणि आजीने त्यांच्या गुडघ्यासाठी चांगली दोन-तीन मिनिटं खर्ची घातली. फळ्यांच्या पलीकडे सगळं ऐकू जात होतं. सकाळी काकू दारात. हातात वाटी, वाटीत सोलकढी. "काल माज्या ढोपराचा नाव घेतलंस मां गो? आज जरा बरा वाटता." मग आवाज खाली आणून, "पण दुसऱ्या ढोपराचा ऱ्हवला." आजी म्हणाली, "ते उद्याच्या भांडणाला ठेवलंय." दोघी हसल्या, आणि पुढच्या महिन्यात नळावर पुन्हा जुंपली.

मला यातलं जे आवडतं ते हे, की भांडण बंद झालं नाही. आजीने हंड्याचा हक्क कधी सोडला नाही. 'ख्रिस्ती माणसाने गोड बोलावं' म्हणजे नळावरून मागे सरावं, असा अर्थ तिने लावलाच नाही.

गिरणगावातली भाषा मोठी रांगडी. 'मेल्या', 'मुडद्या' हे तर लाडाचे शब्द. आजीला तेही वर्ज्य. पण राग येणारच, आणि रागाला काहीतरी शब्द लागतोच. तिने तो उलटा करून घेतला होता. आम्ही मस्ती केली की ती ओरडे, "अरे जित्या! जगशील रे, शंभर वर्षं जगशील!" सूर असा की शिवी परवडली. आमच्या मजल्यावरच्या दोन-चार बायकांनी तो शब्द उचललाही. मालवणी काकू मात्र शेवटपर्यंत आपल्या मूळ शब्दसंग्रहाशी एकनिष्ठ राहिल्या.

आजोबा कमी बोलत. त्यांचं त्यांना कारण होतं, आणि ते आम्हाला फार उशिरा कळलं. ते गिरणीत थ्रॉसलखात्यात, म्हणजे सूतकताईत होते. साचेखात्यात, म्हणजे विणकामात पगार जास्त, पण ते दार त्यांना बंद. धोट्यात नवी कांडी घातली की दोऱ्याचं टोक तोंडाने ओढून घ्यावं लागे, आणि ज्या धोट्याला अस्पृश्याचं तोंड लागलं त्याला सवर्ण कामगार तोंड लावायला तयार नसत. एवढ्यावर सगळं खातं बंद. 1928 च्या गिरणी संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे लावून धरला होता. आजोबांच्या बाप्तिस्म्याच्या नावाने त्यात काही फरक पडला नाही. नाव बदललं, पण गावाकडून आलेल्या माणसांना मूळ ठाऊक होतं. वर 'बाटगा' हे एक विशेषण जास्तीचं. म्हणजे ज्या तोंडाचा विटाळ मानला जात होता, त्या तोंडातून काय बाहेर पडावं याचा विचार हा माणूस रोज रात्री कंदिलाखाली बसून करत होता.

बायबलातल्या याकोबाच्या पत्राचा तिसरा अध्याय त्यांचा आवडता. त्यात जिभेविषयी सांगताना घोड्याचा लगाम येतो, जहाजाचं सुकाणू येतं, आणि रान पेटवणारी ठिणगी येते. लगाम आणि सुकाणू आजोबा भरभर वाचून टाकत. ठिणगीपाशी थांबत. गिरणीच्या दारावर विड्या-काडेपेटी काढून घेत असत. कापूस हवेत तरंगत असतो, त्याला एक काडी पुरते. "जॉबरने शिवी दिली की मी काडेपेटी दारावर ठेवून आलोय असं समजतो," असं ते म्हणत. ते जॉबरला घाबरत होते असं मात्र कुणी समजू नये. युनियनची वर्गणी त्यांनी कधी चुकवली नाही, आणि मुकादमाने एका बदली पोराचा हजेरीचा पैसा खाल्ला तेव्हा खात्यात उभं राहून मोजक्या शब्दांत बोलणारे तेच होते. अपशब्द एकही नव्हता म्हणे. मुकादमाला शिवी दिली असती तर त्याने शिवीवर भांडण नेलं असतं. इथे त्याला पैशांवरच बोलावं लागलं.

कधी कधी रविवारी उपासनेनंतर आजोबा आम्हाला ट्रामने गिरगावला नेत. मुंबईची ट्राम 1964 च्या मार्चअखेर बंद झाली, त्यामुळे ही आठवण आमच्यातल्या मोठ्यांचीच. आत्या खोताच्या वाडीच्या बाजूला राही. तिच्या शेजारी ईस्ट इंडियन कुटुंबं, बोली मराठी, धर्म कॅथलिक. मे महिन्यात वाडीतल्या क्रुसापाशी संध्याकाळी सगळे जमून लितानी ही प्रार्थना म्हणत. आजोबा कट्टर प्रोटेस्टंट. मूर्ती, मेणबत्ती, मरियेची प्रार्थना, काहीच त्यांना पटत नसे. तरी ते टोपी काढून बाजूला उभे राहत. "ऐकायला काय जातंय," एवढंच म्हणत.

मग चौपाटी. वाळूत बसून विल्सन कॉलेजच्या इमारतीकडे बघत ते एक गोष्ट सांगत, आणि ती आम्हाला तेव्हा अजिबात रंजक वाटत नसे. 1857 सालच्या जानेवारीपासून मे महिन्यापर्यंत याच समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांचे जाहीर वादविवाद झाले. बाजूला बघ्यांची ही गर्दी. पुढे उत्तरेत बंडाचा भडका उडाला आणि ते थांबले. या वादविवादांचं इंग्रजी पुस्तक जॉर्ज बोवेन यांनी काढलं. बोवेन म्हणजे मिशनचा पगार सोडून मुंबईच्या देशी वस्तीत फकिरासारखा राहिलेला अमेरिकन. 1848 साली आला आणि 1888 साली इथेच वारला. रस्त्यावर उपदेश करायचा, लोकांची टिंगल सहन करायचा. त्याच्या आधी, ज्यांच्या नावाचं ते कॉलेज, त्या मिशनरी विल्सनसाहेबांचे वाद झाले होते. मोरभट दांडेकरांनी 1831 साली त्यांना उत्तर देणारं पुस्तक लिहिलं होतं. म्हणजे मराठी ख्रिस्ती माणसाला जी वडिलोपार्जित भाषा मिळाली, तिच्यात वाद मुरलेला होता. समोरच्याचा देव खोटा कसा, हे मुद्देसूद सांगणारी भाषा.

पण त्याच 1857 साली बाबा पद्मनजींनी 'यमुनापर्यटन' लिहिलं. हिंदू विधवांच्या दुःखाची गोष्ट. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचं नाव घेतात. लेखक तिशीच्या आतला, तीन वर्षांपूर्वी ख्रिस्ती झालेला. किनाऱ्यावर वाद चाललेला असताना या गृहस्थाने वादाऐवजी गोष्ट सांगितली. चौपाटीवर कोण जिंकलं हे आज कुणी विचारत नाही. यमुना अजून अभ्यासक्रमात आहे. आजोबांना कादंबरीचं माहात्म्य ठाऊक नव्हतं, पण चाळीत राहून ते आपल्या पायांनी त्याच मुक्कामाला पोचले होते. तरुणपणी ते लालबागच्या नाक्यावर तबला-पेटी घेऊन भजनं म्हणणाऱ्या आणि पत्रकं वाटणाऱ्या टोळीत होते. एकदा गठ्ठ्यात मूर्तिपूजेची चेष्टा करणारी पत्रकं निघाली. गणपतीचे दिवस. लालबागचा राजा 1934 पासून बसतो, आणि त्याच्याही आधीपासून आमच्या चाळीचा स्वतःचा गणपती होता. त्याच्या आरतीची झांज आमच्या दारातल्या खिळ्याला टांगलेली असे, कारण तो खिळा सोयीचा होता. आजोबांनी पत्रकं निवडली. गोष्टीची पत्रकं वाटायला घेतली, चेष्टेची बंबात गेली. मिशनचा छापील कागद जाळायचा म्हणजे त्या काळी मोठंच धाडस. टोळीच्या प्रमुखाने विचारलं, तेव्हा म्हणाले, "झांज कुणाच्या खिळ्याला आहे?"

मी तरी असं मानतो, की ती पिढी नीट बोलणं व्यासपीठावरून शिकली नाही. व्यासपीठावर तर वादच शिकवला होता. ते शिकली सामाईक नळावर आणि गॅलरीत. शास्त्राने त्याला शिस्त लावली, एवढंच.

प्रसादाचा प्रश्न दर वर्षी येई. आमच्या मंडळीत कडक नियम: मूर्तीपुढचं खायचं नाही. आजोबा पाळत. पण नकार द्यायचा कसा? "आम्हाला चालत नाही" असं कोरडं सांगितलं की देणाऱ्याचा हात हवेत राहतो. आजोबा दोन्ही हात जोडत आणि म्हणत, "तुमच्या पोराबाळांना मिळू दे, आमचा वाटा त्यांना." आजी याच्या पुढे गेली होती. ती मोदक घेई, आणि कुणाच्या तरी पोटात जातील अशी व्यवस्था करी. कुणाच्या ते आजोबांनी कधी विचारलं नाही. नाताळात उलटा पेच. करंज्या, चिवडा, अनारसे सगळ्यांकडे जात, पण केकवर मालवणी काकूंचा नेमका प्रश्न, "अंडा घातलंस काय?" आजी खोटं बोलत नसे. "घातलंय. म्हणून तुमच्यासाठी रव्याचा वेगळा." चोवीस तारखेच्या रात्री गाणी म्हणत मजल्यामजल्यावर फिरणाऱ्या आमच्या टोळीला चाळीच्या भजनी मंडळाचा मृदंग मिळे, वाजवणाऱ्यासकट.

आई परळला केईएममध्ये सिस्टर. शिक्षण मिरजेच्या मिशन इस्पितळातलं, जे डॉ. वानलेस यांनी 1894 साली उभं केलं. कमी शब्दांत बोलण्याची तिची रीत वेगळी होती, आणि मला ती सगळ्यांत महत्त्वाची वाटते. वॉर्डातला पेशंट गेला की बाहेर बाकावर बसलेल्या नातेवाइकांना सांगायचं काम पुष्कळदा तिच्याकडे येई. तिच्या बरोबरीच्या नव्या मुली घाबरून इंग्रजी शब्द फेकून मोकळ्या होत, किंवा "डॉक्टरांना विचारा" म्हणून सटकत. आई आधी त्या माणसाला खाली बसवी, स्वतः शेजारी बसे, पाण्याचा पेला हातात देई आणि मग सांगे, "तुमचे वडील गेले." एवढंच. 'सिरीयस आहेत', 'प्रयत्न चालू आहेत' असलं गोलगोल काही नाही. आम्ही विचारलं, जरा हळू हळू सांगायला काय होतं? ती म्हणाली, "हळू सांगितलं की त्याला मध्ये आशा लागते. मग ती मला परत काढून घ्यावी लागते." आणि मेलेल्या माणसाचं नाव ती कधी विसरत नसे. खाट नंबराने ओळखल्या जाणाऱ्या जागी नाव घेणं, यातच तिचा सगळा ख्रिस्ती धर्म आला असं मला वाटतं. तिने स्वतः असं कधीही म्हटलं नसतं.

मग 18 जानेवारी 1982. डॉ. दत्ता सामंतांचा संप. सुमारे अडीच लाख गिरणी कामगार बाहेर, त्यात आमचा काका. पहिले दोन महिने मोर्चे, सभा, उमेद. मग घराघरांतून भांडी निघाली, मंगळसूत्रं निघाली. चाळीत दारू वाढली, आणि फळ्यांच्या भिंतीतून जे ऐकू येई ते लिहिण्यासारखं नाही. आमच्या घरात मिळवती माणसं दोन, आई आणि बाबा, खाणारी नऊ. आजी तेव्हा सत्तरीच्या पुढची. तिने एक दिवस नऊच्या उपासनेनंतर सगळ्यांना बसवून सांगितलं, की या घरात कोण कमावतं आणि कोण खातं हा विषय संप मिटेपर्यंत निघणार नाही, थट्टेतही नाही. आणि काकाचं ताट पहिलं वाढलं जाईल.

संप मिटलाच नाही. तो कुणी मागे घेतल्याचं जाहीरही केलं नाही. काका पुन्हा गिरणीत गेला नाही. पुढे चिवडा गल्लीतल्या एका दुकानात पुड्या बांधायला लागला. त्याचं ताट आजी असेपर्यंत पहिलंच वाढलं गेलं, आणि तो विषय खरोखर कधी निघाला नाही. आमच्या एका चुलतभावाने हल्ली सांगितलं, की त्या वर्षी शाळेत मित्राने "तुझे बाबा घरीच असतात ना?" असं विचारलं, तेव्हा त्याला प्रश्नच कळला नव्हता. शेजारच्या मजल्यावर एकाने त्याच सुमारास गळफास घेतला. तो बेकारीमुळेच गेला की घरातल्या बोलण्यामुळे, हे कोण सांगणार? चाळीत दोन्ही बोललं जात होतं.

आता दुसरी बाजू, कारण ती गाळली तर हे नुसतं गुणगान होईल. आत्याचा नवरा तिला मारत असे. देवळातला वजनदार माणूस, मंडळीच्या कमिटीवर, बोलणं असं की ऐकणाऱ्याला वाटावं देवदूत. आत्या माहेरी आली की तिला सांगितलं जाई: तू मऊ बोल, उलट उत्तर देऊ नकोस, शब्दाने शब्द वाढतो. सांगणारे पाळकसाहेब, सांगणारे आजोबा, आणि हे लिहिताना बरं वाटत नाही, पण सांगणारी आजीही. नळावर हंडा न सोडणारी बाई लेकीला मात्र 'सोस' म्हणाली. बायबलच्या नीतिसूत्रांतला शांत उत्तराचा सल्ला ज्याच्या हातात काठी आहे त्याला द्यायचा असतो, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. आत्याने दहा वर्षं सोसलं. शेवटी आई ड्युटीवरून युनिफॉर्मातच गिरगावला गेली, आणि त्या देवदूताला वाडीतल्या लोकांसमोर एकाच वाक्यात काय ते सांगून आत्याला घेऊन आली. वाक्य आमच्यापर्यंत पोचलेलं नाही. ते मृदू नसावं.

आईच्या उशाशी 'स्मृतिचित्रे' असे. चार भाग, 1934 ते 1936 मधले, जुन्या बांधणीचे. आमच्याकडच्या बायकांनी लक्ष्मीबाई टिळकांना थोरली जाऊ मानलं होतं. ना. वा. टिळक मोठे कवी, ख्रिस्ती भजनांचे जनक म्हणावेत असे, पण शीघ्रकोपी. त्यांनी 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला तो बायकोला न सांगता. ती काही वर्षं दूर राहिली आणि 1900 साली स्वतःच्या बुद्धीने ख्रिस्ती झाली. या बाईने नवऱ्याचा राग, भोळेपणा, उधळपट्टी, सगळं लिहिलं. काही झाकलं नाही, आणि तरी पुस्तकात विखार म्हणून नाही. आपण हसतो, टिळकही त्यात मोठे होतात, आणि त्यांनी तिच्यावर केलेला अन्यायही जागच्या जागी दिसत राहतो. खरं बोलणं आणि माणसाला न मोडणं या दोन गोष्टी एकत्र जमतात का, असा प्रश्न आमच्या घरात अडला की आई पुस्तकाकडे बोट दाखवी. आजोबांना याकोब, आईला लक्ष्मीबाई.

आज चाळ नाही. तिच्या जागी टॉवर आहे, भिंती विटांच्या आहेत आणि छतापर्यंत पोचतात. शेजारी काय बोलतात ते ऐकू येत नाही. कोण राहतं तेही ठाऊक नसतं. आम्हा भावंडांचा फोनवर एक ग्रुप आहे. पहाटे त्यावर फुलांच्या चित्रासह शास्त्रवचन येतं, आणि संध्याकाळी निवडणुकीवरून त्याच ग्रुपवर अशी भाषा होते की मालवणी काकूंनी कानांवर हात ठेवले असते. मंडळ्यांच्या मालमत्तेच्या कज्ज्यांत, कमिट्यांच्या वार्षिक सभांत काय बोललं जातं ते वाचकांपैकी जे देवळात जातात त्यांना माहीत आहे. मी सांगायला नको. गेल्या वर्षी एका बहिणीने ग्रुपवर सुचवलं, की ज्याच्याशी वाद झाला त्याचं नाव रात्री घ्यायचं, जुना नियम. दोघांनी अंगठा दाखवला, एकाने जोडलेले हात पाठवले, आणि विषय पुढे गेला. मला विचाराल तर तो नियम ग्रुपवर चालणारच नाही. आजीची प्रार्थना ज्याच्यासाठी असे त्याला ती ऐकू जात होती. सगळी गंमत त्या अर्धवट भिंतीत होती.

काकू मात्र आहे, काकाची बायको. नव्वदीला टेकली आहे. शुद्ध आहे, ऐकू कमी येतं, म्हणून प्रार्थना मोठ्याने करते. तिच्या यादीत अजून चाळीतली माणसं येतात, त्यांतली बरीचशी आता नाहीत, आणि काकूला ते माहीतही आहे. एका भाचीने परवा ती प्रार्थना फोनवर उतरवून घेतली. अकरा मिनिटं भरली. त्यात संपाच्या वर्षातला किराणावाला आहे, उधारी न मागितलेला. मालवणी काकूंचे दोन्ही गुडघे आहेत.

परळ, नायगाव, भायखळा, गिरगाव इथल्या मराठी ख्रिस्ती घरांत अशी एखादी काकू, आत्या, आजी अजून असेल. त्यांचं बोलणं छापलं गेलेलं नाही. मिशनच्या 'ज्ञानोदय' नियतकालिकाच्या जुन्या अंकांत पाळकांची प्रवचनं सापडतील, यांचं काही सापडणार नाही. फोन तुमच्या हातातच असतो. रात्री नऊच्या सुमाराला त्यांच्याजवळ जाऊन बसा, बटण दाबा आणि मध्ये बोलू नका.